पंचनामा झाला, आता घर कोणी धुवायचं?

प्रति,
सांगली जिल्ह्यातील पोलीस ठाण्यांचे प्रभारी अधिकारी,
महापालिका आणि नगरपालिकांचे आरोग्य विभाग,
सर्व सरपंच आणि पोलीस पाटील

विषय : गुन्हा घडलेलं घर कुटुंबाच्या ताब्यात देताना लेखी कागद मिळावा आणि तिथल्या रक्तानं माखलेल्या कचऱ्याची सोय व्हावी, याबद्दल

स. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एके दिवशी सकाळी साडेसहाला मला फोन आला. तासगावच्या बाजूला द्राक्षबागेतलं घर. बोलणारा माणूस तिशी-बत्तिशीचा असावा. म्हणाला, "ताई, वहिनीचा खून झालाय. आज पाचवा दिवस. घर धुवायचंय. पण हात लावावा का नको, तेच कळंना झालंय."

मी विचारलं, पोलिसांनी घर मोकळं केलंय का? तेव्हा सगळं बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी एका हवालदारांनी फोनवर सांगितलं होतं, "झालं आमचं, वापरा घर." म्हणून चुलतीनं आणि शेजारच्या दोघींनी मिळून स्वयंपाकघर गरम पाण्यानं आणि फिनेलनं धुतलं. चौथ्या दिवशी तपासी अधिकारी परत आले. त्यांना त्याच भिंतीचे जवळून फोटो हवे होते आणि भिंत तर पुसून झालेली. अंगणात चार माणसांसमोर ते ओरडले, "कुणी सांगितलं होतं धुवायला? पुरावा घालवला तुम्ही!" ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्यालाच आता धास्ती बसली की हे आपल्यावर तर शेकत नाही ना. चुलती तर दोन दिवस जेवली नव्हती. तिला वाटत होतं, आपण धुतलं म्हणून मारणारा सुटणार.

ते ठाणं कोणतं आणि अधिकारी कोण, हे मी इथे लिहिणार नाही. त्या हवालदारांच्याही मनात काही वाईट नव्हतं. घरात लहान मुलं आहेत, किती दिवस शेजारी झोपतील, असं वाटूनच त्यांनी सांगितलं असणार. माझं म्हणणं एवढंच आहे, की अशा घराला कधी हात लावायचा, कोणी लावायचा आणि निघालेला कचरा कुठे न्यायचा, हे आपल्या जिल्ह्यात कुणी कुणाला कागदावर सांगत नाही. सगळं तोंडी चालतं, आणि तोंडी चाललेल्या गोष्टीचा फटका त्याच घराला बसतो, जे आधीच कोसळलेलं असतं.

मी हे कोणत्या अधिकारानं लिहिते तेही सांगते. मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात मी ११ वर्षं साफसफाईची सुपरवायझर होते. ऑपरेशन थिएटर, बाळंतिणींचा वॉर्ड, डायलिसिस, सगळीकडे काम केलं. आता सांगलीत स्वतःची कामं घेते. माझ्याबरोबर सहा माणसं आहेत, चार बायका आणि दोन पुरुष. सोसायट्यांच्या टाक्या, कार्यालयं, लग्नानंतरचे हॉल, हे आमचं रोजचं. वर्षाकाठी चार-पाच वेळा मात्र असा फोन येतो, आणि दर वेळी मी त्याच गोंधळात जाऊन पडते.

लोक म्हणतात, ताई, तुम्ही दवाखान्यातलं रक्त पुसलंय, पुरातली घाण काढलीय, मग हे त्यातलंच की. आरोग्य विभागातल्या एका भल्या माणसानंही मला हेच सांगितलं होतं. म्हणून आधी तेवढं नीट सांगते. कारण हे एकदा कळलं, की माझी मागणी आपोआप कळेल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर आम्ही गावभागात आणि सांगलीवाडीत तीन आठवडे कामं केली. गुडघाभर गाळ, त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं, कुजलेलं धान्य, फुगलेल्या गाद्या, मेलेली जनावरं. धोका कमी नव्हता. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो नावाचा ताप येतो, म्हणून डॉक्टरांना विचारून सगळ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या, गमबूट घातले, पायाला जखम असलेल्याला घरी बसवलं. पण काम कसं करायचं हे स्पष्ट होतं. जे भिजलं ते बाहेर काढायचं, फावड्यानं गाळ ओढायचा, प्रेशरच्या पाइपनं भिंती मारायच्या, ब्लीचिंग पावडर टाकायची. कुणाची परवानगी लागत नव्हती. अख्खी गल्ली एकाच वेळी खराटे घेऊन उतरली होती. परगावाहून पोरं मदतीला आली होती, कोपऱ्यावर कुणीतरी चहाचं पातेलं चढवलेलं असायचं. दुःख होतं, पण ते वाटून घेतलं जात होतं.

रुग्णालयातलं रक्त ही आणखी वेगळी गोष्ट. तिथे रक्त सांडलं की ते कुणाचं, कुठे, किती, हे माहीत असतं. रुग्णाला काय आजार आहे ते केसपेपरवर असतं. त्यावर शोषून घेणारा कागद किंवा कापड टाकायचं, वर १ टक्क्याचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं पाणी, ओतायचं, किमान १० मिनिटं, जास्त सांडलं असेल तर अर्धा तास तसंच ठेवायचं, मग उचलून पिवळ्या पिशवीत. सुया पांढऱ्या डब्यात, प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात. पिशवीवर बारकोड. दुसऱ्या दिवशी गाडी येते, वजन होतं, सही होते. माझ्या ११ वर्षांत ही पिशवी कुठे टाकू, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

खून झालेल्या घरात रक्त तेच असतं. हेपटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. वाळलं म्हणजे संपलं, हा समज चुकीचा आहे. म्हणून हातमोजे, मास्क, चष्मा, हे सगळं तिथेही हवंच. पण तिथे जंतूंचा विचार दुसरा येतो. पहिला प्रश्न हा, की ही जागा अजून कुणाची आहे? तपासाची की घरच्यांची?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे गुन्ह्याचा तपास कसा करायचा ते सांगणारा नवा कायदा, लागू झाली. तिच्या कलम १७६ (३) मध्ये लिहिलं आहे, की ज्या गुन्ह्याला ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा आहे, तिथे न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचं. हे पूर्णपणे अमलात आणायला राज्यांना ५ वर्षांची मुदत आहे. कायदा उत्तम आहे. पण याचा अर्थ असा, की आता त्या खोलीत एकापेक्षा जास्त पथकं येणार आणि कदाचित एकापेक्षा जास्त वेळा येणार. मग घरच्यांना कसं कळायचं, की शेवटचं पथक येऊन गेलं?

आणि हायपोक्लोराइट, जे रुग्णालयात माझा उजवा हात होतं, तेच इथे वेळेआधी वापरलं तर घात करतं. ते डीएनए तोडतं. पुसलेलं रक्त अंधारात चमकवून दाखवणारं ल्युमिनॉल नावाचं रसायन असतं, ते ब्लीचला लागूनही चमकतं. म्हणजे घरच्यांनी चांगल्या भावनेनं भिंतीवर ब्लीच मारलं, तर खरं रक्त कुठलं आणि ब्लीच कुठलं, यात तपास करणारे गोंधळतात. गरम पाण्याचंही तसंच. रक्ताचा डाग गरम पाण्यात बसतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. त्या घरातल्या चुलतीलाही माहीत असणार. पण अशा वेळी माणूस इतकं भांबावलेलं असतं, की जे हाताशी येईल ते ओततं. एका घरात मी पोचले तर तरण्या मुलानं बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत कालवलं होतं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पोरगा दारात बसून खोकत होता, डोळ्यातून पाणी. त्याला आधी मोकळ्या हवेत नेलं, मग दवाखान्यात पाठवलं. घर राहिलं बाजूला.

परवानगी मिळाल्यावर खरं काम सुरू होतं, आणि तेही पुरासारखं नाही. प्रेशरचा पाइप तर आम्ही गाडीतून उतरवतसुद्धा नाही. त्यानं रक्ताचे बारीक थेंब हवेत उडतात आणि जे एका भिंतीवर होतं ते चारही भिंतींवर जातं. झाडूही नाही. वाळलेल्या रक्ताचे पापुद्रे झाडले की त्याची धूळ होते, ती नाकात जाते. आधी ओलवायचं, मऊ करायचं, मग टिपून घ्यायचं. कोविडमध्ये पाठीवर पंप लावून फवारणी करायची सवय सगळ्यांना लागली. पण घाणीचा थर तसाच ठेवून वरून औषध मारलं तर क्लोरीन त्या थरातच खर्च होतं, खालच्या जंतूंपर्यंत पोचतच नाही. आधी घाण काढायची, मग जंतुनाशक, आणि तेही त्या दिवशी केलेलं ताजं द्रावण. कालचं द्रावण आज कमजोर झालेलं असतं.

माझ्या माणसांना मी एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवते. खोलीत शिरल्यावर खाली बघू नका, वर बघा. छताच्या पंख्याची पाती खालून स्वच्छ दिसतात. शिडी लावून वरच्या बाजूनं हात फिरवल्याशिवाय तिथे काय आहे ते कळत नाही. एका घरात लोकांनी फरशी, भिंती, कपाट, सगळं लखलखीत केलं होतं. तेराव्याला पाहुणे आले, उकडत होतं म्हणून कुणीतरी पंखा लावला. पुढचं मी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट बांगड्या. रुग्णालयात टोचणारी वस्तू म्हणजे सुई, आणि ती कुठे असते ते ठरलेलं असतं. घरात बाईवर हल्ला झाला असेल तर काचेच्या बांगड्या फुटलेल्या असतात. हिरव्या काचेचे नखाएवढे तुकडे फरशीच्या सांध्यात, कपाटाच्या पायाखाली, गोधडीच्या शिवणीत, पार लांब दुसऱ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेलेले असतात. साध्या रबरी मोज्यातून ते सहज शिरतात. म्हणून आम्ही हातानं काही गोळा करत नाही. टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरायचा, काच चमकते, मग चिमट्यानं उचलून जाड डब्यात टाकायची. ही काच वेचताना माझ्या बायका बोलत नाहीत. मीही बोलत नाही.

जमिनीचं तर प्रत्येक घरात निराळं. टाइल्स असतील तर वरून स्वच्छ होतात, पण सांध्यांतलं सिमेंट ओढून घेतं. शहाबादी फरशी सच्छिद्र असते. आणि मळ्यातल्या जुन्या घरात शेणानं सारवलेली जमीन असेल तर ती धुताच येत नाही. पाणी ओतलं की रक्त आणखी खोल जातं. तिथे वरचा थर खरवडून काढावा लागतो, बाजूची स्वच्छ दिसणारी वीतभर जमीनही, आणि नवी माती चोपून परत सारवावं लागतं. सारवण घरच्या बाईनं करायचं म्हटलं तर आम्ही थांबतो. तिला ते स्वतःच्या हातानं करायचं असतं, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

शिवाय तपासाचाही आपला एक कचरा राहतो. ठसे उचलायची काळी भुकटी दारांच्या कडांना, ट्रंकेवर, फ्रिजवर चिकटलेली असते. तिच्यावर ओला फडका मारला की काळं फासल्यासारखं पसरतं. आधी कोरड्यानं टिपायची. खडूच्या खुणा, चिकटपट्ट्या, वापरलेले मोजे तिथेच पडलेले असतात. याबद्दल माझी तक्रार नाही, घाईचं काम असतं. पण ती काळी बोटं बघून घरातली लहान मुलं जास्त घाबरतात, हे पथकातल्या लोकांना माहीत असावं म्हणून लिहिलं.

आणि सगळ्यात मोठा फरक. पुराच्या गाळात किंवा रुग्णालयाच्या फरशीवर मला काही सापडलं तर तो कचरा असतो. इथे सापडलेली वस्तू पुरावा असू शकते. वाळव्याकडच्या एका घरात धान्याची कणगी सरकवली तर खाली कोयत्याची तुटकी मूठ होती. आम्ही हात मागे घेतले, सगळे बाहेर आलो, ठाण्यात फोन केला. चार तास अंगणात बसलो. तिथले सहायक निरीक्षक स्वतः आले, पंच बोलावले, नव्यानं पंचनामा केला आणि जाताना म्हणाले, "बाई, तुम्ही थांबलात म्हणून बरं झालं." त्यांचं नाव लिहायची मला फार इच्छा आहे, पण कुणाचंच नाव लिहायचं नाही असं ठरवलंय. असे अधिकारी या जिल्ह्यात आहेत, म्हणून तर हे पत्र लिहायचं धाडस होतं.

खुनाखेरीजही अशी घरं असतात, आणि ती जास्त असतात. शहरात एकटं राहणारं म्हातारं माणूस दार बंद करून जातं, मुलं पुण्याला किंवा परदेशात, वास आल्यावर शेजारी कळवतात. गुन्हा नसतो, पण अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि तोवर खोली पोलिसांच्याच ताब्यात. तिथे शरीरातला स्राव गादीतून, पलंगाच्या लाकडातून पार फरशीखाली गेलेला असतो. लोक ऊद जाळतात, गोमूत्र शिंपडतात. ज्याला ज्यात शांती मिळते ते त्यानं करावंच, पण ते सगळं साफ झाल्यावर. मूळ जागेवर आहे तोवर वास जात नाही. आणि द्राक्षपट्ट्यात फवारणीचं औषध पिऊन गेलेल्या माणसाचं घर असेल तर धोका जंतूंचा कमी आणि विषाचा जास्त असतो. उलटीत, कपड्यांत, अंथरुणात ते औषध असतं आणि त्यातली काही औषधं कातडीतूनही अंगात भिनतात. ते कपडे बायका उघड्या हातानं धुतात. कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं.

आता कचऱ्याचं बोलते, कारण खरं अडतं ते इथेच.

एका खोलीतून निघतं किती? गादी, दोन गोधड्या, उशा, पडदा, आमचे फडके, मोजे, खरवडलेली माती. रुग्णालयात हेच पिवळ्या पिशवीत गेलं असतं, ४८ तासांच्या आत उचललं गेलं असतं, आणि दोन कप्प्यांच्या भट्टीत, जिथे धुराच्या कप्प्याचं तापमान १०५० अंशांच्या आसपास ठेवतात, तिथे जळून राख झालं असतं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत रुग्णालयं आहेत, पॅथॉलॉजी लॅब आहेत, रक्तदान शिबिरं आहेत, शाळेतली प्रथमोपचाराची खोली आहे, अगदी न्यायवैद्यक प्रयोगशाळासुद्धा आहे. ज्या घरात माणूस मारला गेला त्या घराचं नाव त्या यादीत नाही. गाडी नोंदणीकृत दवाखान्याच्या दारात थांबते, या घराच्या दारात थांबत नाही.

मग काय होतं ते आपल्याला माहीत आहे. गादी रात्री ओढ्यात जाते, नाहीतर येरळेच्या, कृष्णेच्या काठावर. किंवा बांधावर रॉकेल टाकून पेटवतात. फोम अर्धवट जळतो, काळा धूर अख्ख्या वस्तीवर येतो. शहरात घंटागाडीत टाकतात, आणि गाडीवरचा माणूस साध्या कचऱ्यासारखं ते उघड्या हातानं दाबतो. त्याला काय ठाऊक, त्यात बांगड्यांच्या काचा आहेत. मी स्वतः आजवर ओळखीच्या दोन डॉक्टरांच्या पाया पडून त्यांच्या पिवळ्या पिशव्यांत ही ओझी घातली आहेत. हे नियमात बसतं की नाही, या भीतीनं त्या दिवशी ते डॉक्टरही झोपले नसतील आणि मीही नाही. चांगलं काम असं लपूनछपून का करावं लागावं?

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना मला राग आवरावा लागतोय. गावात असं काम निघालं की बोलावणं ठरावीक वस्तीकडेच जातं. कुणी ठराव करत नाही, कुणी तोंडानं बोलत नाही, पण निरोप तिथेच पोचतो. एक क्वार्टर, पाचशे रुपये आणि एक बादली. मोजे नाहीत. त्या माणसाला हेपटायटिस बीची लस मिळालीय का, हे कुणी विचारत नाही. या लशीचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर महिन्यानं दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. कामाच्या दिवशी सकाळी टोचून चालत नाही, माणसं आधीपासून तयार ठेवावी लागतात. टोचलंच काही, तर जखम साबणानं धुवून त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायला हवं. एचआयव्ही टाळायची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हे त्याला कोण सांगणार? जात बघून माणूस निवडणं ताबडतोब थांबलं पाहिजे. हे काम कौशल्याचं आहे. शिकलेल्या, लस घेतलेल्या, नीट पैसे मिळणाऱ्या माणसानं ते करावं, मग तो कोणत्याही घरचा असो.

अमेरिकेत रक्ताशी संबंध येणाऱ्या कामगारांसाठी १९९१ मध्येच सक्तीचा नियम आला. कॅलिफोर्नियात अशा जागा साफ करणाऱ्यांना आरोग्य खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि तिथल्या अनेक राज्यांत पीडितांच्या निधीतून घर साफ करायचा खर्च मिळतो. मी इतकं मोठं काही मागत नाही. आपल्या जिल्ह्यात, आहे त्या माणसांत आणि आहे त्या गाड्यांत बसेल एवढंच मागते.

पोलीस ठाण्यांना विनंती, की घटनास्थळाचं काम संपलं की घरच्या माणसाला अर्ध्या पानाचा कागद द्यावा. त्यावर तारीख, वेळ, कोणत्या खोल्या मोकळ्या आणि कोणती अजून बंद, साफसफाईत काही सापडलं तर कोणत्या नंबरवर कळवायचं, आणि देणाऱ्याची सही-शिक्का. बस. हा कागद मिळेपर्यंत कुणी काही धुवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी पोलीस पाटलांनी घरच्यांना शांतपणे सांगावं. गावात सगळ्यात आधी पोचणारे तेच असतात आणि लोक विचारतात तेही त्यांनाच.

आरोग्य विभागाला विनंती, की अशा घरातला कचरा जवळच्या ग्रामीण रुग्णालयानं किंवा शहरातल्या सरकारी रुग्णालयानं आपल्या पिवळ्या पिशव्यांबरोबर स्वीकारावा. पोलिसांचा तोच कागद दाखवला की पिशवी घ्यायची, बारकोड लावायचा, वहीत नोंद करायची. गाडी तिथे तशीही येतेच. काय लागेल ती परवानगी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून एकदा घेऊन ठेवावी, म्हणजे दर वेळी कुणा डॉक्टरच्या पाया पडायला नको. प्रत्येक तालुक्यात चार माणसं शिकवून, लस देऊन तयार ठेवावीत. माझ्याकडच्या बायका शिकवायला तयार आहेत, फुकट.

आणि खर्चाचं. ज्या घरातला कमावता किंवा घर सांभाळणारं माणूस गेलं, त्यांच्याकडून मी पैसे मागते तेव्हा माझीच मान खाली जाते. पण माझ्या माणसांनाही पोट आहे. संहितेच्या कलम ३९६ मध्ये पीडितांना भरपाई देण्याची तरतूद आहे, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून ठरते. त्या अर्जात घराच्या साफसफाईचा खर्चही धरता येईल का, हे कुणीतरी त्यांच्यासमोर मांडावं. निदान अशी भरपाई असते, हे तरी त्याच अर्ध्या पानाच्या तळाशी छापावं.

तासगावच्या बाजूच्या त्या घराचं सांगायचं राहिलं. फोन आला त्या दिवशी मी निघाले नाही. त्या भावाला म्हटलं, आधी ठाण्यात जाऊन परत विचारा. तो गेला, दोन तास बसला, आणि पुन्हा तोंडीच उत्तर घेऊन आला. सहाव्या दिवशी आम्ही गेलो. संध्याकाळी निघताना त्यानं मला पैसे दिले आणि म्हणाला, "ताई, पावती नको. पण एक चिठ्ठी लिहून द्या. आज धुतलं, तुम्ही धुतलं, विचारून धुतलं." घरात कागद सापडेना, तेव्हा त्यानं पुतणीच्या शाळेच्या वहीचं मधलं पान काढून दिलं. त्यावर मी तारीख घातली, वेळ घातली, कोणत्या खोल्या धुतल्या ते लिहिलं आणि सही केली. चार घड्या घालून त्यानं ते पान शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. माझ्या सहीला कायद्यानं काडीची किंमत नाही, हे त्याला सांगायचं माझ्या जिवावर आलं.

अर्ध्या पानाच्या त्या कागदाचा एक मसुदा मी करून ठेवला आहे. कोणत्याही ठाण्यात, कोणत्याही ग्रामपंचायतीत बोलवा, घेऊन येते. त्यात काय कमी-जास्त हवं ते तुम्ही सांगा.

कळावे.

आपली विश्वासू,
साफसफाईची कामं घेणारी एक बाई
सांगली